बाईंचं घड्याळ

गुरुवार, १ फेब्रुवारी १९७३

नवी वही. ठराव: मोजकं लिहायचं. कोणाबद्दल वाकडं लिहायचं नाही.

कन्याशाळेचं पत्र आलं. शाळेला पंचवीस वर्षं होतात. रविवारी ता. २५ ला 'शाळा उभी करणाऱ्या पहिल्या तिघी' यांचा गौरव आहे. पहिली आमची मनकर्णा, पहिली मुख्याध्यापिका. बरोबर आहे. दुसरी दगडाबाई. तिच्या गोठ्यात पहिला वर्ग भरला. ठीक. तिसरी रंगुबाई.

रंगुबाई शाळेची शिपाई आहे. पत्र पुन्हा वाचलं. तीच.

खाली एक ओळ: 'बाईंच्या मिस्टरांनी उपस्थित राहावे व बाईंचे मनगटी घड्याळ प्रदर्शनासाठी आणावे.' उपस्थित म्हणजे स्टेजवर. सरळ लिहायला संकोचल्या असतील. मला नाव आहे, पण गावात पंचवीस वर्षं मी 'बाईंचे मिस्टर' आहे. सवय झाली आहे.

रात्रीचे नऊ. घड्याळाला किल्ली दिली. माझ्या घड्याळाशी जुळवलं. माझं कारखान्याच्या भोंग्याशी जुळलेलं असतं. फरक शून्य.

शनिवार, ३ फेब्रुवारी

गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकणारा गोरक्षनाथ मोळीवाला आठ वाजून सहा मिनिटांनी कारखान्याच्या गेटवर. म्हणाला, साहेब, घरचं घड्याळ मागं हुतं. मी म्हणालो, हे कारण नाही, ही कबुली आहे. लेट मार्क. त्याच्या नावापुढे 'नामंजूर' लिहून सही केली. सव्वीस वर्षं टाइमकीपर आहे, हे कारण एकदाही मंजूर केलेलं नाही. स्वतः एकदाही लेट नाही.

ज्युनियर क्लार्क कानिफनाथ म्हणाला, बाईंचा दहावा झाला, दुसऱ्या दिवशी तुम्ही आठला पाच कमी असताना खुर्चीत, आमी बघतच बसलो. कौतुकच करत असणार.

सोमवार, ५ फेब्रुवारी

मनकर्णाला जाऊन आज सहा महिने.

घड्याळाबद्दल लिहून ठेवतो, भाषणात लागेल. तिने ते पहिल्या पगारांतून घेतलं. मी शिलाई मशीन सुचवलं होतं. घड्याळात पहिल्यापासून दोष. मी रोज रात्री बरोबर लावायचो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली की दहा मिनिटं मागे. नऊ नाही, अकरा नाही. दहाच. श्रीरामपूरला आबासाहेब घड्याळवाल्याकडे तीनदा नेलं. तो म्हणाला, मशीन ठणठणीत हाय, रोज नेमकी दहाच मिनिटं मागं पडायला त्याला काय पगार मिळतो का? त्याला घड्याळातलं कळत नाही असं माझं मत झालं.

ती गेल्यापासून घड्याळ अगदी बरोबर चालतं. सहा महिन्यांत एक मिनिट इकडे तिकडे नाही. म्हणजे मी मधूनमधून तेल देतो त्याचा गुण.

एक गोष्ट आज प्रथम लक्षात आली. शाळेची घंटा चोवीस वर्षं याच घड्याळावर झाली. घड्याळ रोज मी लावत होतो. हे कोणीतरी सांगायला पाहिजे. सांगणारं दुसरं कोणी नाही. मीच सांगतो.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

हाफ डे घेऊन शाळेत गेलो. आता मुख्याध्यापिका चांगुणाबाई, मनकर्णाचीच विद्यार्थिनी. विचारलं, मला किती मिनिटं? ती म्हणाली, काका, तुम्ही निवांत बसा हो, बोलायला आम्ही बायका आहोत ना. सौजन्याने म्हणाली. मुख्य वक्ता शेवटीच असतो.

व्हरांड्यात रंगुबाई. मला दाजी म्हणते. कोणत्या नात्याने, ते मी विचारलेलं नाही. म्हणाली, दाजी, लई वाळलात, जेवता का न्हाई? मी जेवतो म्हणालो. म्हणाली, बाईंचं घड्याळ माज्याकडं द्या, पुसूनबिसून ठिवते. मी नाही म्हणालो. तर तिने तिथेच डोळ्यांना पदर लावला. पोरींनी लगेच तिला पाणी दिलं.

सहा महिन्यांत मी कोणासमोर रडलो नाही. ही कुठेही रडते आणि लोक पाणी देतात.

तो पदर मी ओळखला. मनकर्णाचं जांभळं इरकली लुगडं. मला वाटत होतं ते ट्रंकेत आहे. घरी येऊन ट्रंक उघडली. नाही. कधी दिलं, मला माहीत नाही. मी विचारणार नाही. मला फरक पडत नाही.

ट्रंक पुन्हा एकदा बघितली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

भाषण झालं लिहून. विषय 'वेळ आणि स्त्रीशिक्षण'. घड्याळ लावून वाचलं, अकरा मिनिटं. शाळा वेळेवर कशी भरली, त्यामागे घरी रोज रात्री नऊ वाजता कोण जागरूक होतं, असा रोख. रंगुबाईचा उल्लेख नाही. द्वेषाने नाही, जागेअभावी.

१९४६ साली मनकर्णाला ट्रेनिंगसाठी नगरला जायला मीच परवानगी दिली, तेही घातलं. तारीख तपासायला जुनी पत्रं काढली. माझं परवानगीचं पत्र बारा जूनचं. तिचं 'सुखरूप पोचले, वर्ग सुरू झाले' हे नऊ जूनचं. तेव्हा पोस्टाचा कारभार ढिला होता. भाषणात फक्त साल ठेवलं.

रविवार, १८ फेब्रुवारी

दगडाबाईकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. जीभ विशीतली. मनात होतं, तिने बोलून दाखवावं की मुख्याध्यापिका आणि शिपाई एका रांगेत बरं दिसत नाही. तिच्या शब्दाला मान आहे.

म्हणाली, आरं टायमाच्या मानसा, गोठ्यात साळा भरायची तवा रोज उजाडायच्या आत शेन कुनी काढलं? तू व्हय? दारोदार फिरून पोरी कुनी गोळा केल्या? चांगुणीच्या बापानं रंगुच्या अंगावर कुत्रं सोडलं हुतं, हाय का ठावं?

मी म्हणालो, माझा आक्षेप माणसाला नाही, क्रमाला आहे.

ती म्हणाली, एवढं जळू नगं बाबा. दुष्काळ हाय, सरपन महाग झालंय.

सुनेने चहा दिला. गुळाचा होता. मी जळत नाही. क्रम चुकला आहे तो दाखवून देणं वेगळं.

निघताना म्हणाली, बाई तुला चांगली वळखून हुती. हे मात्र खरं. भाषणात घालता येईल.

शनिवार, २४ फेब्रुवारी

कोटाला इस्त्री. बूट पॉलिश. भाषण पाठ. घड्याळ भोंग्याशी प्रत्यक्ष जुळवलं, सेकंदकाट्यासकट. उद्या गावाला कळेल बरोबर वेळ म्हणजे काय.

कानाला लावून बघितलं. चालू आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी, सकाळी सहा

तयार आहे. प्रोग्रॅम दहाला.

रविवार, २५ फेब्रुवारी, सायंकाळी साडेसहा

सगळं लिहीत नाही.

स्टेजवर खुर्च्या तीन. एका खुर्चीवर मनकर्णाचा फोटो, एकीवर दगडाबाई, एकीवर रंगुबाई. मला खाली पहिल्या रांगेत खुर्ची दिली. बाकी सगळ्या बायका सतरंजीवर. तेवढ्या बायकांत उठून दिसणारा मी एकटा.

टेबलावर प्रदर्शन. दगडाबाईच्या गोठ्यातलं गाईचं दावं, रंगुबाईचा घंटेचा हातोडा. मधली जागा घड्याळाची. मी वर गेलो, खिशातून काढलं. रंगुबाईने ते हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि सगळ्यांदेखत किल्ली ओढून काटे मागे फिरवले. दहा मिनिटं. म्हणाली, हां, आता बाईंचं झालं.

टाळ्या.

मी म्हणालो, अहो, ते भोंग्याशी लावलेलं आहे. माइक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. त्यावर जो हशा झाला तो मला कळला नाही. मग चांगुणाबाईने माइक घेतला.

म्हणाली, वस्तीवरच्या आम्ही पोरी. आधी विहिरीच्या दोन खेपा, मग शाळा. घंटा चुकली की बाप म्हणायचा, आता कशाला जाती, राहा घरी. अशी दोन दिवसांत दोघींची शाळा सुटली. तिसऱ्या दिवसापासून बाईंचं घड्याळ दहा मिनिटं मागे. रंगुबाई त्याच्यावरच घंटा द्यायची. आमच्यातली एकही पुन्हा लेट झाली नाही. मी आज इथे उभी आहे ती त्या दहा मिनिटांवर.

मी म्हणणार होतो की घड्याळात दोष होता. म्हणालो नाही.

मग रंगुबाई. कधी माइकसमोर उभी राहिली नसेल, पण थांबेना. म्हणाली, एकदा दिपोटीसाहेब तपासनीला आलं. अकरा वाजलं आन वर्गात पोरी तीन. साहेब तापलं. म्हनलं, बाई, साळा उशिरा भरवता? बाईंनी मनगट म्होरं केलं. म्हनल्या, साहेब, अकराला दहा कमी हायेत. आमचं मिस्टर कारखान्यात टाइमकीपर हायेत, रोज रातच्याला सोता घड्याळ लावून देत्यात. त्यांनी लावलेलं चुकंल कसं? आन दिपोटीनं काय केलं म्हाईताय? आपल्याच घड्याळाचा काटा मागं घेतला!

दगडाबाई हसता हसता खोकायला लागली. तिला पाणी दिलं. मलाही कोणीतरी दिलं.

रंगुबाई माझ्याकडे बघून म्हणाली, दाजी, राग धरू नगा. बाई म्हनायच्या, ते रातचं लावत्यात, मी सकाळी मोडते. त्यांना सांगू नगा, त्यांना लेट सोसत न्हाई.

चोवीस वर्षं. रंगुबाईला माहीत. दगडाबाईला माहीत. सतरंजीवरच्या सगळ्या बायकांना माहीत. घड्याळवाल्यालाही बहुतेक कळलं होतं. मी तिच्यासोबत एका घरात राहत होतो.

शेवटी चांगुणाबाई म्हणाली, काका, दोन शब्द. भाषण खिशात होतं. अकरा मिनिटांचं. मी उठून म्हणालो, धन्यवाद, घड्याळ जपा. दोनापेक्षा जास्तच झाले.

पेढा चांगला होता.

सोमवार, २६ फेब्रुवारी

घड्याळ शाळेत, काचेच्या पेटीत. आज रात्री नऊ वाजता हात घड्याळाच्या फळीकडे गेला. काही नव्हतं.

भाषण फाडलं नाही. मागची बाजू कोरी आहे.

बुधवार, २८ फेब्रुवारी

संध्याकाळी रंगुबाई दारात. म्हणाली, दाजी, घड्याळ बंद पडलं. मी म्हणालो, किल्ली दिली नाही तर पडणारच. ती म्हणाली, मी न्हाई देनार. घंटा माजी, किल्ली तुमची, असंच हुतं पैल्यापासनं. उद्यापासनं साळा सकाळची, घंटा साडेसातला. त्याच्या आत येत जा.

मी म्हणालो, विचार करतो.

ती म्हणाली, विचार करा, पन सव्वासातला या.

मग म्हणाली, ते इरकली नेसायला दिलं न्हवतं बाईंनी, दवाखान्यात ऱ्हायलं हुतं ते, धुवून आनलं. तुमाला पायजे तर देते. मी म्हणालो, असू दे. अंगावर बरं दिसतं असंही म्हणालो. का, कोण जाणे.

ठरवलं: एकदा जाऊन तिचं लक्ष नसताना वेळ बरोबर लावून यायचं. चूक ती चूक.

गुरुवार, १ मार्च

सात वाजून सोळा मिनिटांनी शाळेत. पेटीचं कुलूप रंगुबाईने उघडलं आणि समोरच उभी राहिली. हलली नाही. किल्ली दिली. तिने विचारलं, तुमच्यात किती? मी म्हणालो, सात एकवीस. म्हणाली, मग लावा.

सात अकरा लावले. ती समोर उभी होती, इलाज नव्हता.

निघायला पाहिजे होतं. पण घंटा निदान त्या वेळेला तरी धड होते का, हे तपासणं भाग होतं. थांबलो. माझ्या घड्याळात साडेसात झाले, घंटा नाही. पस्तीस झाले, नाही. अडतिसाव्या मिनिटाला ओढ्याकडून दोघी पळत आल्या. परकर गुडघ्यापर्यंत ओले, एकीच्या डोक्यावर चुंबळ तशीच. ओढ्यात यंदा पाणी नाही, झिरा खणून वाटीवाटीने भरतात. दोघी रांगेत उभ्या राहिल्या आणि रंगुबाईने टोला मारला. बरोबर साडेसात. त्या घड्याळात.

सायकल जोरात मारली. वारा समोरून. गेटवर आठ वाजून सहा मिनिटं.

कानिफनाथने माझ्याकडे बघितलं नाही. रजिस्टर बंद करून म्हणाला, साहेब, मला काय दिसलं न्हाई. मी उघडायला लावलं. नियम तो नियम. माझं नाव लिहिलं, वेळ लिहिली. पुढे कारणाचा रकाना. बराच वेळ पेन धरून होतो. मग लिहिलं: घड्याळ मागे होतं.

त्यापुढचा रकाना टाइमकीपरचा. मंजूर की नामंजूर. तिथेही माझीच सही लागते.

मंजूर.

मान वर केली तर खिडकीत गोरक्षनाथ मोळीवाला उभा. सगळं वाचलेलं. म्हणाला, साहेब, मग माजं बी तीन तारकंचं तेवढं बगा की.

पान मागे उलटून त्याचंही मंजूर करावं लागलं.