ताप नव्हता म्हणून

अक्का, सगळ्या गल्लीची अक्का आणि माझी आई, मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. इतकी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले, तरी राग उतरत नाही. परवा इथे धुळ्यात शेजारच्या आजी गेल्या. त्यांची सून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ताप नाही, काही नाही, झोपेतच गेल्या. पुण्यवान!" माझ्या डोक्यात सणक गेली. तुझ्या तेराव्याच्या पंगतीत बायका हेच म्हणत होत्या. सोनं झालं म्हणे म्हातारीचं. कसलं डोंबलाचं सोनं!

ताप हा तुझा कायदा होता. शाळा बुडवायची म्हटली की तू पालथा हात कपाळाला लावायचीस. "आंग गरम शे का? नही ना? मंग ऊठ." पोट दुखो की डोकं फुटो, कपाळ गार म्हणजे माणूस ठणठणीत. तुझ्या त्या एका हातावर सगळं घर शिकलं, आणि मग तुझ्याच कपाळावर सगळ्यांनी तोच हात ठेवला.

चोपडा गावच्या आपल्या घरी त्या दिवशी गच्चीवर बिबडे घालायचे होते. ज्वारीचं पीठ शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, उन्हात पसरलेल्या साडीवर टाकून वाळवायचं, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांवर तू मुकादम. लघवीला जिना उतरावा लागतो म्हणून पाणीच प्यायची नाहीस. दोन दिवस जळजळ होत होती, तेही घरात कुणाला सांगितलं नाहीस, मागाहून शेजारणीकडून कळलं. का गं? लाज वाटली? सुनेला एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? मग तू शिजल्या पिठात दुसऱ्यांदा मीठ घालतेस, बिबडा साडीवर न टाकता नुसत्या फरशीवर थापतेस, आणि बायका हसतात. "अक्कास्ले चळ लागना!" तूही हसतेस. वहिनीने कपाळ चाचपलं, गार. मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. दुसऱ्या दिवशी तू उठलीच नाहीस तेव्हा गावातला डॉक्टर आला. त्याने थर्मामीटर लावला, ताप नाही म्हणाला, सलाईनची बाटली चढवली. "वय झालंय, उन्हाचा त्रास आहे." वय झालंय! जणू वय हाच आजार, पुढे बघायची गरजच नाही. भावाने मला फोनवर तेच सांगितलं, "ताप-बीप नाही, सावकाश ये." सावकाश!

जळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा लघवीतले जंतू रक्तात पसरले होते. तिथली डॉक्टरीण माझ्याहून लहान, पण तिने आम्हाला बसवून समजावलं. म्हणाली, तरुण माणूस अशाने तापाने फणफणतो. म्हातारपणी शरीराची लढायची ताकद उशिरा जागी होते. अंग गारच राहतं, कधी आणखी गार पडतं. बरळणं, जेवण सोडणं, नुसतं झोपून राहणं, हाच यांचा ताप समजायचा. आणि ती ताकद एकदा जागी झाली की तिला आवर राहत नाही, ती आपल्याच शरीरावर उलटते. भाऊ मान हलवत होता. मला त्याची मान पिरगाळावीशी वाटत होती. पण तिथे ओरडून काय होणार होतं? तू तिथेच, झोपेत गेलीस.

तेव्हापासून मी सगळ्यांवर ओरडत आले. भावावर, त्या डॉक्टरवर, हसणाऱ्या बायकांवर. हे पत्र तरी कुठे टाकू, तुझ्या पत्त्यावर पोस्टमन जात नाही. म्हणून जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते इथे लिहिते. मी धुळ्याहून एसटीने आले, तेव्हा तू खाटेवर टेकून बसली होतीस. मला पाहून पदर सावरलास, पाहुणी आल्यासारखा. "बस वं माय. कोनी पोर शे?" कुणाची पोर, असं मलाच विचारलंस. मी म्हटलं, "तुनी वं, अक्का." तू अगदी मायेने हसलीस. "नही वं. मनी पोर धुयाले शे. ती येईच." आणि धुळ्याहून येणाऱ्या त्या पोरीसाठी दाराकडे बघायला लागलीस. भाऊ तुला जळगावला न्यायची गाडी आणायला गेला होता. तो येईपर्यंत, अक्का, मीही तुझ्याशेजारी बसून दाराकडेच बघत होते.