रेवदंड्याच्या होड्यांचा प्रश्न

१९ जुलै, संध्याकाळ

आठवीच्या चाचणीत प्रश्न मीच घातला: 'वादळात रेवदंड्याच्या होड्या समुद्रात अडकल्या' असा मेसेज आला, तर खरा की खोटा हे कसं ठरवाल? सगळ्यांनी मी वर्गात सांगितलेलंच उतरवलं, सरकारी संकेतस्थळ पाहू. पैकीच्या पैकी! कोळीवाड्यातल्या नयनाने लिहिलं, 'खोटा. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावरच असतात.' तिला शून्य दिलं.

"सर, माजा काय चुकला?"

"संकेतस्थळ लिहायला हवं होतंस," म्हणालो. निर्लज्जासारखा.

तोच मेसेज परवा मी घाबरून तिघांना पाठवला होता. आणि म्हणे माहिती पारखायला शिकवतो! होड्या किनाऱ्यावरच होत्या. माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसतात.