आधी तोंड जातं

...आणि तात्या, माशांचंही तसंच असतं, हे सांगायचं राहूनच गेलं. आजारी मासा आधी कळपातून बाजूला होतो. बाकीचे सगळे एका दिशेने गोल फिरत असतात आणि हा एकटाच वर, जाळ्याच्या कडेला, अंग काळवंडलेला, नुसता तरंगत राहतो. पहिल्याच दिवशी मी होडीतून बोट दाखवलं, हा बघा, तो बघा, तो तिकडचा पण. बरोबरचे म्हणाले, मॅडम, तुम्हाला एवढ्या लांबून कसं कळलं? मी म्हटलं, माझ्या वडलांची मेंढरं होती. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते, त्यामुळे मी पुढे काय झाले ते तुम्हाला माहीतच नाही. मी माशांचे आजार बघते. किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रात मोठी गोल जाळी सोडतात, पिंजरा म्हणतात त्याला, आणि त्यात जिताडा जातीचे मासे वाढवतात. आपल्याकडे हे अगदी नवीन आहे. तुमची वाघर आठवा, काठ्या रोवून भोवती जाळं, आत मेंढरं. तीच पाण्यात बुडवली असं समजा. फक्त तुम्ही दर दोन दिवसांनी वाघर उचलून पुढच्या वावरात लावायचात, आणि आमचा पिंजरा महिनोन्‌महिने तिथंच. खाली घाण साचते, मासे दाटीवाटीने राहतात, मग जंतू येतात. काही जंतू तर असे की त्यांच्याबद्दल अजून कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. मला हे सगळं लई भारी वाटतं, तात्या. समुद्रातले हे जंतू मिठाशिवाय वाढतच नाहीत. काचेच्या बशीत त्यांचं खाणं ओतायचं, त्यात मीठ घालायचं, की दुसऱ्या दिवशी पिवळे ठिपके हजर. तुम्ही मेंढरांना चाटायला मिठाचा खडा टांगायचात, तो मला दर वेळी आठवतो. पण हे मी कुणाला सांगणार? तिकडे लॅबमध्ये सहा वाजले की सगळे आपापल्या घरी, मी खोलीवर एकटीच जेवते. इकडे गावी, बोरीत आई म्हणते, "मासं आजारी पडलं तर पडलं. समुद्रात मासं काय कमी हायेत का?"

तीन दिवसांची सुट्टी काढून आलेय. ओट्यावर बसलेय. मेंढरांचा वाडगा रिकामा आहे, तुमच्या मागे वर्षभरातच मेंढरं गेली. वाघर मात्र आईने ठेवलीय. कोथिंबिरीच्या वाफ्यावर टाकते, कोंबड्या शिरू नयेत म्हणून. सकाळी मी तिची एक गाठ सोडवून बघितली. तुमच्यासारखी परत मारता आली नाही.

ती गोळ्यांची गोष्ट तुमच्या लक्षात असेल. मी चौथीत. आपण पिंपळवंडीला उसाच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती आणि चार मेंढ्यांना खोकला लागला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ घशात घालायला. तुम्ही मेंढीला गुडघ्यांत धरून जबडा उघडायचात आणि ती अशी काही धडपडायची की मला बघवायचं नाही. त्याच आठवड्यात आमच्या शाळेत बॅक्टेरिया शिकवले होते. इंग्लिश मीडियमची मी एकटी आपल्या घरात, मला वाटायचं माझ्याएवढं कुणालाच कळत नाही. तुम्ही आळेफाट्याला गेलात तेवढ्यात मी सगळ्या गोळ्या वरवंट्याने कुटल्या आणि मक्याच्या भरड्यात मिसळून कळपापुढे ठेवल्या. धडपड नाही, काही नाही, किती सोपं. तुम्ही आलात, रिकामं घमेलं बघितलंत, पांढरा वरवंटा बघितलात. मी अभिमानाने सांगितलं. तुम्ही त्या चार मेंढ्यांकडे गेलात. त्या कोपऱ्यात बसलेल्या, घमेल्याकडे फिरकल्यासुद्धा नव्हत्या.

"पोरी," तुम्ही म्हणालात, आणि आवाज चढवला नाहीत, चढवला असतात तर बरं झालं असतं, "आजारी जित्राबाचं आधी तोंड जातं. मग पाय जात्यात. औशीद तू तोंड असणाऱ्यांना चारलंस."

नव्या गोळ्या मिळेपर्यंत दोन दिवस गेले. त्या चारही मेल्या, आणि खोकला बाकीच्यांत पसरला.

मग तुम्ही मला शाळा बुडवायला लावून अवसरीला नेलंत. आपला पुढचा मुक्काम अवसरी खुर्दला ठरलेला होता, ज्यांच्या रानात बसायचं त्यांची स्वतःची पण मेंढरं होती. एसटीत मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला खात्री होती की तुम्ही तिथे माझं नाव सांगणार. त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ आपल्याला बसवलं. चहा आला, मला खायला कडक बटर दिलं. मी बटर चहात बुडवलं आणि ते विरघळून तळाशी गेलं, तरी मी कपात बघत राहिले.

"आमच्या मेंढरात साथ हाय," तुम्ही म्हणालात. "औंदा आमी येत न्हाई."

ते अवसरीचे काका म्हणाले, "आवं, पण तुमी सांगितलं नसतं तर मला काय सपान पडणार व्हतं?"

"तुमाला न्हाई. तुमच्या मेंढरांना कळलं असतं."

"कशानं पसरली एवढी?"

मी कपातून वर बघितलं.

"औशीद द्यायला चुकलं आमच्यात," तुम्ही म्हणालात आणि बशीत चहा ओतलात.

आमच्यात. बस्स. तेवढंच. येताना मंचरच्या स्टँडवर तुम्ही मला पेरू घेऊन दिलात, मीठ-तिखट लावलेला. त्या साली कुणीच आपल्याला रानात बसू दिलं नाही. बातमी आपल्या आधी पोचायची. माळावर आपलीच वाघर एकटी, तुम्हाला दिवसभर बोलायला कुणी नसायचं. मला तेव्हा वाटायचं, कशाला सांगितलं.

आता माझं ऐका. दोन महिन्यांपूर्वी आमच्या एका पिंजऱ्यात मासे मरायला लागले. अंगावर लाल चट्टे, शेपटीकडे जखमा. हे पिंजरे तिथल्या मच्छीमारांच्या गटाचे आहेत, दोन आहेत शेजारी शेजारी, आणि वर्षभराची सगळी मेहनत त्यातच. मी जंतू वाढवला. मग त्या बशीत औषधाची छोटी टिकली ठेवायची असते. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल रिकामा राहतो. माझ्या बशीत एवढा मोठा गोल होता, मी नाचायचीच बाकी होते. मी सांगितलं, हे औषध खाद्यात मिसळा, सात दिवस.

हो, तात्या. खाद्यात. सगळे असंच करतात, पुस्तकात पण असंच आहे, आजार लवकर धरला तर चालतं सुद्धा. पण आम्ही लवकर धरला नव्हता. मी होडीत उभी राहून बघत होते, खाद्य टाकलं की धडधाकट मासे पाणी उसळवत यायचे, आणि कडेचे काळे मासे जागचे हलायचे नाहीत. सात दिवस बघितलं मी. गटातले एक म्हातारे काका सुकाणू धरून बसायचे, त्यांनी पाचव्या दिवशी विचारलं, "मॅडम, जो आजारी तो तर खातच नाय. मग औषध कोणाला चाललंय?" मी त्यांना काहीतरी मोठं इंग्लिश उत्तर दिलं. तुमचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला होता, तरी दिलं.

पिंजरा जवळजवळ रिकामा झाला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, औषधाला प्रतिसाद मिळाला नाही. खोटं नाहीये ते. आमच्या साहेबांनी वाचलं आणि ते खुर्चीतून उठले. म्हणाले, म्हणजे जंतूच बदललाय, औषधाला दाद देत नाहीये, आपल्याकडची ही पहिली नोंद ठरेल, आपण यावर पेपर लिहू, तुझं नाव पहिलं. आत्तापर्यंत मला तिथे कुणी 'बस' असंसुद्धा म्हटलं नव्हतं, तात्या. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला. आणि मी बोलले नाही. मेलेल्या माशातला जंतू मी आदल्याच दिवशी परत तपासला होता. गोल तेवढाच होता. जंतू बदललेला नाही, जुनंच औषध त्याला लागू पडतं, ते फक्त त्याच्यापर्यंत पोचलं नाही. ती बशी फ्रीजमध्ये मागच्या बाजूला आहे, वर तारीख नाही.

आता दुसऱ्या पिंजऱ्यात पण तीन-चार मासे कडेला आलेत. साहेबांचा निरोप आहे, सोमवारपासून जास्त जहाल औषध सुरू करा. खाद्यातूनच. मला माहितीये काय होणार ते. खरं तर आत्ताच कडेचे मासे उचलून बाहेर काढायला हवेत, पिंजरा तिथून हलवायला हवा. पण हे सांगायचं तर आधीचं सांगावं लागतं. आणि तिथे 'आमच्यात चुकलं' म्हणायला माझ्याबरोबर कुणी नाही. मीच आहे.

तुमच्या दहाव्याला अवसरीचे ते काका आले होते. आईला म्हणाले, "ह्यो माणूस त्या साली आमच्याकडं आला न्हाई, म्हणून माझी मेंढरं राहिली." मी दाराआड उभी होते. त्यांना मी अजूनही सांगितलेलं नाही, आईला पण नाही, की गोळ्या कुणी कुटल्या होत्या. तुम्ही तर कधीच बोलला नाहीत.

आई आत्ता भाकऱ्या थापता थापता विचारत होती, "येवढं कुणाला लिवती गं?" मी म्हटलं, साहेबांना. हे पत्र काही कुठे जायचं नाही, घडी करून वाघरीच्या गाठीत खोचून ठेवीन म्हणते. पण तुम्ही एकदा सांगा, तात्या. सोमवारी ती बशी घेऊन मी आधी कुणाकडे जाऊ, साहेबांच्या केबिनमध्ये, की त्या म्हाताऱ्या काकांच्या होडीवर?