परसाचा ताबा आणि रखमाबाईंचा आकाशदिवा

मी, सरोज त्र्यंबक टिपणीस, वय वर्षे एकसष्ट, राहणार डोंबिवली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. डॉक्टर म्हणतात, छाती थकली. डोकं थकलं असं ते म्हणालेले नाहीत, हे साक्षीदारांनी ध्यानात ठेवावे.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक चिरंजीव मधु यास द्यावी. मुलगा गुणी आहे, सूनही माझं मनापासून करते. फक्त परसात भाड्याच्या खोल्या काढायचं खूळ त्याने डोक्यातून काढावं. कारण कलम तीन.

२. दुर्बीण कन्या नीला हिला. तिचा आरसा माझ्या यजमानांनी आणि मी मिळून घासला. पिंपावर काच ठेवून, भोवती फिरत, अख्खा हिवाळा! ह्यांना खोकला झाला तेव्हा पुढचं मी घासलं. जात्याची सवय होती, ती कामी आली. कृत्तिका पहिल्यांदा दिसल्या तेव्हा ह्यांनी आधी मला डोळा लावू दिला. नवऱ्याच्या आधी चहा घेणारी बाईसुद्धा तेव्हा आमच्या आळीत नव्हती. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. माझे धाकटे दीर दुर्बिणीला ‘नळकांडं’ म्हणाले होते. सबब त्यांना काहीही देत नाही, आणि त्यांनी तिला हातही लावू नये.

३. परसही नीलालाच. ते मोकळं ठेवावं. त्यावर पुढील बोजा आहे.

कुंपणापलीकडच्या रखमाबाई भोईर दर कार्तिकात उंच बांबूवर आकाशदिवा चढवतात. त्यांचा मुलगा नाथा होडीसकट खाडीत गेला, त्याला वाट दिसावी म्हणून. हा दिवा येई नेमका देवयानी नक्षत्रातल्या दीर्घिकेच्या आड. आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी अख्खी आकाशगंगा ती, पण इथून दिसते पुसट ठिपक्याएवढी. दिव्यापुढे तिचं काय चालणार? मी कुंपणाशी जाऊन कडाकडा भांडले. “माजे नाथाला वाट दिसाला नको का?” त्या म्हणाल्या. पुढे दोन वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

हे कार्तिकातच गेले. तेव्हा पहिल्या आल्या त्या रखमाबाई, आणि आल्या त्या दिवा खाली उतरवून. “दाव गो बाय, तुजा काय हाय तो.” मी दाखवलं. सांगितलं, हा उजेड माणसाची जात जन्मायच्या आधी निघालाय, तो आत्ता पोचतोय. बराच वेळ त्या डोळा लावून बसल्या. मग विचारलं, “यवरे लांब कोनी लावलाय गो? कोनासाटी?” दोघी पोटभर रडलो.

तेव्हापासून ठरून गेलं. माझं पाहून होईस्तोवर दिवा खाली. झालं की मी परसातून ओरडते, “झालं हो!” मग त्या दोरी ओढतात. स्वतःच्या पोराला त्या माझ्यासाठी रोज ताटकळत ठेवतात. सख्ख्या बहिणीने केलं नसतं इतकं त्या बाईने माझ्यासाठी केलं.

आता त्यांना फारसं दिसत नाही, माझ्या आवाजावरच चालतात. मी गेले हे तुम्ही त्यांना सांगालच. तरी संध्याकाळी त्या दोरी धरून उभ्या राहतील आणि हाकेची वाट बघतील. मी ओळखते ना त्यांना! हाक गेली नाही, तर दिवा चढणार नाही.

म्हणून नीलाने कार्तिकात रोज परसात जावं आणि खणखणीत ओरडावं, “झालं हो!” रखमाबाईंचे हात थकले की दोरीही तिनेच ओढावी, त्यांच्या पश्चातसुद्धा.

मात्र एक अट. दुर्बिणीला डोळा लावल्याशिवाय ओरडायचं नाही. ढग असतील तर ढग पाहावे, पण पाहावे. उगाच खोटं ‘झालं’ म्हणू नये, नीला. तिकडे नाथा थांबलेला असतो.

ठिकाण: डोंबिवली
ता. १२ ऑक्टोबर १९५७

(सही) सरोज त्र्यंबक टिपणीस

आमच्यासमोर, चष्मा पुसून, वाचून सही केली:
१. डॉ. श्रीपाद कर्णिक
२. गुणाजी महिपत म्हात्रे