सातूच्या शेतातली तीन कडी

१ जुलै, रविवार
गेल्या वर्षीचीच डायरी, वार खोडून. चांगला कागद वाया कशाला घालवा? पाच आठवडे पावसाचा थेंब नाही. आयर्लंडात! आजपासून निश्चय : कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. शेजारच्या कन्सेप्टाबद्दलसुद्धा. पुतण्या पाद्री झाल्यापासून ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते. बसू दे.

४ जुलै, सकाळी ७
माडीवरच्या खिडकीच्या काचा पुसत होते. समोरच्या उतारावर सातू उन्हाने पिवळा पडलाय, आणि त्यात हिरवी गोल कडी, बांगड्यांसारखी! एक नाही, तीन. एकमेकांना चिकटून. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. दुसरं काय असणार? तिथेच गुडघे टेकले. खाली एखाद्या संताचा मठ असणार.

संध्याकाळी
नवऱ्याला सांगितलं. मॅलकी म्हणाला, अगं, खाली जुने बुजलेले चर असतात, त्यात ओल टिकते, म्हणून तिथला सातू हिरवा. त्याच्या बापालाही शहात्तर सालच्या दुष्काळात दिसली होती. तो गप्प बसला. पाऊस आला, कडी गेली. "तूही गप्प बस. फर्गलच्या घराची परवानगी यायची आहे."
फर्गल आमचा एकुलता. त्याच शेतात घर बांधणार, आमच्या फाटकापासून चाळीस पावलांवर. सून ओर्ला फार आनंदात आहे. आनंदाने बोलतच नाही.

७ जुलै
गप्पच आहे. फक्त फादर लॉर्कनना सांगितलं, तेही कन्फेशनमध्ये. म्हणजे ते कुठे बोलायचे नाहीत. म्हणाले, यात पाप कुठलं? म्हटलं, नवरा देवाची खूण लपवतोय. "ते त्याचं पाप, फिलोमिना. तुझं सांग." मला काही आठवलं नाही.

८ जुलै, रविवार
प्रार्थना संपल्यावर कन्सेप्टाने पुतण्याचा रोममधला फोटो दाखवला. पुन्हा. मी बोलणार नव्हते. बोलले. आमच्या शेतात संताचा मठ निघालाय, म्हटलं. ती म्हणाली, "तुमच्या शेतात? तिथे तर बटाटेही धड निघत नाहीत!"
मग पुरातत्त्वाच्या कचेरीला पत्र लिहिणं भागच होतं. शाळेत शेवटच्या परीक्षेला इतिहासात मी पहिली होते. पत्र छान उतरलंय. मॅलकीला सावकाश सांगेन.

१९ जुलै
सांगायच्या आधीच कचेरीतली बाई आली. ड्रोन उडवला. संत कोणते, मी विचारलं. "संत नाहीत हो. ख्रिस्तजन्माच्या हजार वर्षं आधीची वस्ती. या दोन कड्यांत माणसं राहायची. तिसऱ्यात बहुधा डुकरं."
तिसरं कडं मी पवित्र आत्म्याचं धरलं होतं. देवा, क्षमा कर.
तुमची चूक होऊ शकते, मी म्हटलं. तिने बशीतला मी भाजलेला दुसरा स्कोन उचलला. "होऊ शकते. झालेली नाही."
मॅलकी गोठ्यातच जेवला.

२७ जुलै
पाऊस! शेत सगळीकडे सारखंच. कडी दिसतच नाहीत, तर फर्गलचं घर अडवणार कोण, आणि कशासाठी? परवानगीसाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरली आहे. मॅलकीलाही तसं सांगितलं. तो दार आपटून गेला. दाराचं लाकूड ओलीने फुगलं असावं.

१६ ऑगस्ट
कागद आला. शेत संरक्षित. वरवरची नांगरट चालेल, पाया खणायचा नाही. परवानगी नाकारली.
दुसऱ्या शेतात बांधू, मी म्हटलं. मॅलकी म्हणाला, "दुसरं शेत आहे कुठे, बाई? तीन हजार वर्षांपूर्वीच्या डुकरांना आपल्याकडे जागा आहे, माझ्या पोराला नाही."
माणूस रागात काहीही बोलतो. फर्गल वाट काढेल.

२ सप्टेंबर, रविवार
फर्गलने वाट काढली. ओर्लाच्या आईने जागा दिलीय, तिच्या अगदी दाराशी. कॉर्कला. इथून तीन तास.
ओर्लाचा फोन आला. लग्नानंतर पहिल्यांदाच, आपणहून. "फिलोमिना, तुमचे आभार कसे मानू?" मागून फर्गलचा आवाज, "अगं, हळू!"
आभार देवाचे मान, मी म्हटलं.
"त्याचेही मानते," म्हणाली. "पण पत्र तुम्ही लिहिलंत."