नऊ सामने तुपात

सौ. सरलाविहीणबाईंना अमेरिकेतल्या नोव्हायहून सिंधूचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही बोलतात. बाहेर बर्फ, आणि मी मेले थकून सोफ्यावर, कारण तुमची-माझी नात केया. (मोठी हुशार हो पोर! कुणावर गेली ते आपण समक्ष ठरवू.)

तर तिच्या कॉलेजचा फुटबॉल. नाव फुटबॉल, पण खेळतात हातांनी, मी विचारणं सोडलं. समोरचा एक जण लांब चेंडू फेकतो, त्याचा गडी पळत जाऊन झेलतो. आपल्या पोरांनी तो झेलू द्यायचा नाही. सबंध सीझनभर आपल्या पोरांनी हे कितपत जमवलं, त्याचा रिपोर्ट केयाने कोचला द्यायचा. पसंत पडला तर पुढल्या वर्षी टीमबरोबर काम. आता किती झेलले ते कंप्युटर सांगतो, पण आपला पोरगा जवळ पोचला होता की झेलणाऱ्याच्याच हातून सुटला, हे डोळ्यांनी बघावं लागतं. तेही दोघांनी वेगवेगळं. म्हणाली, "आजी, यू आर परफेक्ट. तुला गेम कळत नाही, म्हणजे तू कुणाची साइड घेणार नाहीस."

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला घेतलं की चार चेंडू निघून जातात. म्हणून मी वाती वळल्या, त्याला बघावं लागत नाही. झेलला की कुंकवाची वात, आपल्या पोराने अडवला की साधी, आपल्याच पोराने पटकावला की हळदीची, आणि नुसताच सुटला तर वात नाही. एका सामन्याला दह्याचा एक रिकामा डबा, आत ज्या त्या पोराची वेगळी पुडी. असे नऊ डबे खिडकीत झाले. (हळदीच्या वाती नऊ सामन्यांत मिळून सात. यावरून काय ते समजा.)

आणि आली त्रिपुरी पौर्णिमा. तुमच्या सुलभाला डबे देवघरात दिसले. बिचारीला वाटलं, सासूबाईंनी त्रिपुरवातीची तयारी केली. साडेसातशेला कमी पडल्या त्या स्वतः वळल्या, तुपात भिजवल्या आणि पेटवल्या. छताचा धुराचा भोंगा असा ओरडला की शेजारचा म्हातारा चपला न घालता बर्फात. केया घरी आली तेव्हा पाऊण सीझन काजळी झाला होता. पोर रडली. "मॉम, दॅट वॉज माय डेटा!" सुलभा म्हणाली, मी देवाचं केलं, कुणाचा डेटा जाळला नाही. तेव्हापासून मायलेकी एकमेकींशी माझ्यातर्फे बोलतात. मीठ मागायचं तरी मीच.

मग मी नऊच्या नऊ सामने पुन्हा बघितले, वर नवे तीन. डोळे मिटले तरी पोरं पळताना दिसतात. पण रिपोर्ट गेला! केयाचं नि माझं दहात नऊ वेळा जुळलं, कोचने तिला घेतलं. मी शिरा केला, एकटीने खाल्ला. बाकी दोघी रुसलेल्या.

आपली,
सिंधू

ता. क. कुणी येणार असेल तर वातीचा कापूस पाठवा. इथला औषधाच्या दुकानातला वळत नाही.

ता. क. दुसरा : वाचून झालं की हे फाडा. आपल्याकडे चोवीस नंबरचा एक पोरगा आहे, काडीसारखा. दर वेळी चेंडू गेल्यावर पोचतो, मग मान खाली घालून उभा राहतो. त्याची आई घोंगडी पांघरून थंडीत बसलेली दाखवतात. माझ्याच्याने त्याला कुंकवाची वात देववेना. नऊ सामने साध्या देत गेले. केयाचं स्वतःचं बघणं अजून व्हायचं होतं, तरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी म्हणाली, आजी, तुझ्या हिशेबाने चोवीस सगळ्यांत बेस्ट, कोचला तेच सांगणार. पोरीचं हसं झालं असतं. डबे खिडकीतून देवघरात मीच नेऊन ठेवले. सुलभाचा काडीचा दोष नाही.

हे तिला तुम्हीच फोनवर सांगा, मला तोंड नाही. दुसऱ्या खेपेला त्याला कुंकवाच्याच दिल्या, चोवीस आता बाकावर बसतो. त्याची आई तरीही येते.

ता. क. तिसरा : फोन रविवारीच करा, सकाळी. तेव्हा मी देवळात असते.