तालमीतले मास्तर

आप्पा,

मागच्या रविवारी तुमच्या आठवणींचा कार्यक्रम झाला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, नाटकमंडळ बंद पडूनही दहा-अकरा झाली असतील. आता हे कोणाच्या मनात आलं ते मला ठाऊक नाही. जुन्या नटांपैकी जे अजून सुरतेत आहेत ते मराठी शाळेच्या वरच्या वर्गात, तुमच्या तालमी व्हायच्या तिथेच जमले, बाकं भिंतीला सरकवली, खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला. त्याआधी महिनाभर मला फोन येत होते. म्हणे, तू त्यांची मुलगी, तूही नाटकात होतीस, तर सगळ्यांना भेट आणि लिहून काढ, मास्तरांबरोबर काम करताना नटांना नेमकं काय आवडायचं ते. मी हो म्हटलं. का म्हटलं ते आता सांगता येत नाही. मी सध्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसते, साडीवरची वेलबुट्टी मशीनला कळेल अशी टाका-टाका करून मांडते. दिवसभर असं काम केल्यावर कुणी काही सांगितलं की ते करून टाकायची सवय लागते. हेही तसंच झालं असावं.

आधी सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात त्या मावशींकडे गेले, तुमच्या नाटकात आईचं काम करायच्या त्या. आता त्यांचे गुडघे धरलेत, पण अजून घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात. माझ्याशी बोलतानाही हात चालूच होते. त्या सांगत होत्या की पहिल्या तालमीत त्यांना हातांचं काय करावं ते कळेना, कधी पदर धरायच्या, कधी नुसतेच लोंबकळत ठेवायच्या, आणि सगळे हसत होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही जमिनीवर त्यांच्यासमोर मांडी घालून बसलात आणि विचारलंत की घरी नवऱ्याशी भांडताना हात काय करतात. त्या म्हणाल्या, खडे चिकटवतात. मग पुढच्या रविवारी तुम्ही त्यांना साडी आणि खडे घेऊन यायला सांगितलंत, आणि त्यांनी अख्खा प्रवेश खाली मान घालून, काम करत करत केला. मावशी म्हणाल्या, त्या दिवसापासून मला नाटकाची भीती वाटली नाही. मग त्या म्हणाल्या, "एकदा मी त्यांना म्हटलं, मास्तर, ही बाई इथं रडणार नाही. ते म्हणाले, रडेल. दोन रविवार आम्ही दोन्ही करून पाहिलं. तिसऱ्या रविवारी ते सगळ्यांसमोर म्हणाले, माझं चुकलं, तुझं बरोबर आहे. माझ्या आयुष्यात असं मला कोणी म्हटलं नाही, बाई. घरचं नाही की कामावरचं नाही."

मी ते लिहून घेतलं. तुमच्या तोंडून 'माझं चुकलं' हे मी घरात कधीच ऐकलं नव्हतं. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये तुम्ही कलर मास्तर होतात. रंगवलेला नमुना खिडकीशी धरायचात, एकदा बघायचात, पास म्हणायचात किंवा परत म्हणायचात, आणि विषय संपायचा. घरी तुम्ही त्याच नजरेने बघायचात. भाऊ कुठल्या शाळेत जाणार, आई माहेरी किती दिवस राहणार, माझ्या ड्रेसचं कापड कुठलं, वरणात मीठ किती, सगळं एका नजरेत. तुम्ही वाईट वागत होतात असं मी म्हणत नाही. हात उचलला नाहीत, आवाज चढवला नाहीत. फक्त आम्हाला काही वाटत असेल असं तुमच्या मनात यायचं नाही. नखांच्या कडांना निळा-जांभळा रंग बसलेला असायचा आणि त्याच हाताने तुम्ही 'नको' अशी खूण करायचात. मी नाटकात आले ती तुम्हाला तिथे वेगळं पाहिलं म्हणून. पंधरा वर्षांची असताना एकदा आईने भरलेला चहाचा थर्मास घेऊन तालमीला आले होते आणि दारात उभी राहिले होते. आत तुम्ही एका विणकराला विचारत होतात, "तुले काय वाटस?" तुला काय वाटतं, असं तुम्ही कोणाला विचारू शकता हे मला माहीतच नव्हतं. तो बोलत होता आणि तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात, पुरतं ऐकत होतात. त्या दिवशी मी थर्मास ठेवला आणि मागच्या बाकावर बसून राहिले. पुढच्या रविवारी परत गेले. तिथे सगळ्यांसारखंच मीही तुम्हाला मास्तर म्हणायचे.

आईला हे सगळं माहीत होतं. एकदा भाकरी थापता थापता तुमच्या पाठीमागे ती मला म्हणाली, "तठे समदासले इचारतस, आठे कोणलेच नही." तिथे सगळ्यांना विचारतात, इथे कोणालाच नाही, हे ती तक्रार म्हणून नाही म्हणाली, नळाला पाणी आलं-गेलं सांगावं तशी म्हणाली. मग भाकरी उलटली. रविवारच्या कार्यक्रमाला मी तिला ये म्हटलं तर ती म्हणाली, मी कुठे नाटकात होते. ती भावाकडे असते, बरी आहे. आली नाही.

सुरतेजवळच्या सचिन गावात केमिकल कारखान्यात ऑपरेटर असलेला तो उंच नट तुम्हाला आठवत असेल. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडेच राहतो, आता केस पांढरे झालेत. त्याने सांगितलेलं मी रविवारी जसंच्या तसं वाचून दाखवलं. स्पर्धेच्या प्रयोगात तो मध्येच अडकला होता, पुढची वाक्यं आठवेनात, अर्धा मिनिट नुसता उभा. खाली उतरल्यावर परीक्षकांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ते थांबणं मीच बसवलं होतं, बसवण्यात माझी चूक झाली. त्याच्याकडे बघितलंही नाहीत. तो म्हणाला, मास्तर आपल्याला लोकांसमोर उघडं पाडणार नाहीत हे एकदा कळल्यावर मी पुढच्या नाटकात काहीही करायला घाबरलो नाही. आणि म्हणाला, ते आमचं सगळं ऐकायचे, पण शेवटी ठरवायचे तेच, आणि असं का ठरवलं ते सांगायचे. कारण कळलं की माझं म्हणणं घेतलं नाही तरी वाईट वाटायचं नाही. हे मी घरी येऊन वहीत उतरवलं तेव्हा माझा हात थांबला नाही. मला वाटलं होतं, थांबेल.

आता माझं सांगते. तुम्ही लिहून बसवलेल्या एका नाटकात माझं काम शेजारच्या मुलीचं होतं. ती वाटीभर साखर मागायला येते, घरात भांडण चाललेलं असतं, आणि ती साखर मिळाल्यावरही कोपऱ्यात बसून राहते. मला दोनच वाक्यं होती. मी बारावी पास झाले होते. कॉलेजचा फॉर्म आणला होता, तो तुम्ही एकदा बघितलात, "आता कशाला?" म्हणालात आणि कपाटावर ठेवून दिलात. त्याच आठवड्यात शिरपूरकडची माणसं येऊन मला बघून गेली. त्यांना होकार गेला आहे हे मला आईकडून कळलं, भांडी घासताना. पुढच्या रविवारी तालमीला मी आले, तुम्हीही आलात, आपण दोघं पुढे-मागे चालत आलो. भांडणाचा प्रवेश चालू झाला. तुम्ही मध्येच थांबवलंत आणि माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसलात, मावशींसमोर बसला होतात तसेच. म्हणालात की ही पोरगी साखर मिळाल्यावर उठून का जात नाही ते मला लिहिताना कळलं नव्हतं, अजूनही कळलेलं नाही. मग विचारलंत, "तुले काय वाटस?"

तुम्ही घाई केली नाहीत. खाली रस्त्यावर टेम्पो माल घेऊन चालले होते, त्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग मी म्हणाले, "तिला वाटतं, बसून राहिलं तर कोणीतरी तिलाही विचारेल, तुला काय हवंय म्हणून."

मावशींचे हात थांबलेले मला दिसले. माझ्या लग्नाचं त्यांना सगळ्यांना कळलेलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मला खरंच वाटलं की आता तुम्हाला कळलं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "चांगलं आहे. ती शेवटपर्यंत बसेल. आणि तिला कोणी विचारणार नाही." मग उठून सगळ्यांना जागा दाखवल्यात. भांडण करणाऱ्यांना माझ्याकडे पाठ करून उभं केलंत. तो प्रवेश फार चांगला झाला. प्रयोगात पडदा पडताना मी एकटीच कोपऱ्यात वाटी धरून बसलेली असायचे आणि लोक बराच वेळ हलायचे नाहीत. सगळे म्हणायचे, मास्तरांनी काय बसवलंय. तुम्ही प्रत्येकाला सांगायचात, ते माझं नाही, पोरीचं आहे. श्रेय घेतलं नाहीत. अकरा प्रयोग झाले. बाराव्याच्या आधी माझं लग्न लागलं.

तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं की नाही, हे मी वर्षानुवर्षं मनात फिरवत राहिले. आता फिरवत नाही. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी आज मला काही होत नाही. नवरा चांगला निघाला, सांगायलाच हवं. सात वर्षं शिरपूरकडे काढली, मग त्याला सचिनला नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. तुम्ही गेलात तेव्हा मी तासाभरात पोचले. लोकांसाठी चहा केला, कप कमी पडले तर शेजारून आणले. तो उंच नट भिंतीला डोकं टेकवून रडत होता. मला म्हणाला, ते मला बापासारखे होते. मी त्याला पाणी दिलं. मला रडू आलं नाही, नंतरही आलं नाही, आणि ते येत नाही याचंही पुढे काही वाटेनासं झालं.

रविवारी सगळं वाचून झाल्यावर मावशींनी मला विचारलं, तुझं काय, तू काही लिहिलं नाहीस. मी म्हणाले, मी तेव्हा लहान होते, फारसं आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. मग समोसे वाटले, फोटो काढले, ज्याला त्याला घरी जायची घाई होती. जिन्यात एकाने मला गुजरातीत सांगितलं की पुन्हा मंडळ सुरू करायला हवं. मी हो हो म्हटलं.

घरी आल्यावर हे लिहायला बसले, कारण त्या वहीत एक गोष्ट घातलेली नाही. तुम्ही जायच्या चार-पाच महिने आधीची. तुम्ही आमच्याकडे सचिनला आलात, एकटेच, न कळवता. नातीसाठी मिलमधले नमुन्याचे तुकडे आणले होते, दातेरी कडांचे, प्रत्येक वेगळ्या रंगाचा. ती ते घेऊन बाहेर पळाली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि तुम्ही दारात उभे राहिलात. आत आला नाहीत. म्हणालात की नवं नाटक बसवतोय, एका कामाला बाई मिळत नाही. मग चौकटीला हात लावून म्हणालात, "तू येशील का? तुझं तू ठरव."

एवढंच. मी कणीक मळत राहिले. मी म्हटलं, जमणार नाही, पोरीची परीक्षा आहे. तुम्ही "बरं" म्हणालात. चहा घेतलात, जावयाच्या कामाचं विचारलंत आणि बसस्टॉपकडे गेलात. मी खिडकीतून बघितलं नाही.

आप्पा, परीक्षा नव्हती. शाळेला सुट्टी लागून आठवडा झाला होता. गल्लीतली सगळी पोरं बाहेर खेळत होती, आणि तुम्ही त्यांच्यामधूनच चालत आला होतात.